चौथा ठिपका

हर्षलच्या मानेवर उभारी बसली ती मागून. बैलगाडीच्या कडेला ठोकलेली असते तसली बाभळीची उभारी, मनगटाएवढी जाड. पाण्याच्या पाळीवरून दोन घरांत वाद असलेल्या सामाईक विहिरीच्या काठावर उकिडवा बसून तो मोटरची केबल जोडत होता. कणीस मोडताना होतो तसा आवाज त्यानं स्वतःच्याच मानेतून ऐकला आणि तो उताणा पडला. वर आभाळ होतं आणि आभाळात गोपाळचं तोंड. सख्ख्या काकाचा मुलगा, वर्षभरानं लहान, जन्मभर दादा म्हणत आलेला. दुसरी उभारी घालतानाही त्यानं दादाच म्हटलं.

“लय झालं न दादा तुह्यं पानी पानी.”

त्या वारानं खांद्याचं हाड फुटलं. शेजारच्या शेतात बायांचा गलका झाला म्हणून तिसरा वार बसला नाही. बाया काठावर पोचेपर्यंत गोपाळ तुरीत शिरून पसार झाला होता. मारणाऱ्याचं तोंड पाहिलेला माणूस एकच उरला, तो म्हणजे ज्यानं मार खाल्ला तो. सगळा खटला हर्षलच्या जिभेवर उभा होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी मानेत धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. हात चालले, पाय चालले, जीव वाचला. मान मात्र वळायची ती जेमतेम बोटभर. हर्षल आधी सुलतानपूरहून भाजीपाल्याची पिकअप चालवायचा. आता ज्याला मागचं दिसत नाही त्याच्या हाती गाडी कोण देणार?

गोपाळ जामिनावर सुटून आला आणि गावात उजळ माथ्यानं फिरू लागला. एकदा बसथांब्यावर, चहाच्या टपरीसमोर, त्यानं हर्षलच्या मानेवर मागून चापट मारली. चापट मोठी नव्हती, पण बरोबर पट्टीवर. हर्षलच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“कोन हाये बे?”

“वळून पाह्य न दादा,” मागून आवाज आला. “काऊन पाहून नाई राह्यला?”

हर्षलला पाय उचलून सगळं अंग फिरवावं लागलं. तोवर गोपाळ पुन्हा त्याच्या मागे गेला होता. हर्षल पुन्हा फिरला, गोपाळ पुन्हा मागे. टपरीवरचे दोघेतिघे हसले. मग त्याच्या कानाशी बिडीचा वास आला आणि आवाज खाली आला.

“कोर्टात तोंड उघडशील, त मी परत येईन. अन मांगूनच येईन. तुले तिकडंच दिसत नाई.”

त्या दिवसापासून हर्षल कुठंही गेला तरी भिंतीला पाठ लावून बसू लागला. लग्नाच्या पंगतीत, सलूनमध्ये, देवळातसुद्धा. फक्त एकाच ठिकाणी त्याची पाठ उघडी असे, ते म्हणजे घरच्या बैठकीतलं कॉम्प्युटरचं टेबल.

तिथं तो विमानांच्या लढाईचा गेम खेळायचा. जुन्या काळची पंख्याची विमानं, पंखांत मशीनगन. या खेळात मरण समोरून क्वचित येतं. शत्रू तुमच्या शेपटीला लागतो आणि तुम्ही पुढे बघत असताना तुमचे तुकडे करतो. एका हातात स्टिक आणि दुसऱ्या हातात वेग सांभाळायचा, तर मागं बघायला तिसरा हात कुठून आणायचा? हर्षल रोज पेटायचा, रोज कोसळायचा. गावात जे, तेच आभाळात.

मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला त्याचा शाळेतला मित्र प्रज्वल एक दिवस मागं उभा राहून बघत होता. तो म्हणाला, “अबे, हेड ट्रॅकिंग लाव न. डोकं हलोलं का पडद्यावर नजर हलते. टोपीवर तीन लाइट लावाचे, समोर कॅमेरा ठेवाचा. कॅमेरा तीन ठिपके पाह्यते अन तुह्यं डोकं कुठं वळलं थे हिशोब करते.”

“माह्यं डोकं वळते कुठं बे?”

“किती वळते? दाखव.”

हर्षलनं वळवून दाखवलं.

“पुष्कळ झालं,” प्रज्वल म्हणाला. “बाकीचं सॉफ्टवेअर वळवंल. तू बोटभर हाल, थे तुले पार शेपटीपर्यंत नेऊन सोडंल.”

विकतचं यंत्र आणायचं नाही, घरीच करायचं असं ठरलं. टीव्हीच्या तीन बंद पडलेल्या रिमोटांची तोंडं फोडून त्यांचे बारके दिवे काढले. रिमोटचा उजेड माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. छत्रीची काडी वाकवून त्रिशूळ केला, टोकांना ते दिवे डागले आणि सगळं टोपीच्या कडेला तारेनं आवळलं. वेबकॅम उघडून त्याच्या भिंगामागची लालसर काच चिमट्यानं काढली. आता उलट पाहिजे होतं: रिमोटसारखा उजेड आत यावा आणि साधा अडावा.

“जुनी निगेटिव्ह लागते,” प्रज्वल म्हणाला. “रोलच्या शेवटचा काळाकुट्ट तुकडा.”

हर्षलची बायको अपेक्षा आतून आली. तिनं आईवडिलांच्या लग्नाच्या रोलचं शेवटचं काळं टोक कात्रीनं कापून दिलं.

“यात कोनाचा फोटो नाई न?” प्रज्वलनं विचारलं.

“नाई. यात नुसता अंधार हाये,” ती हसून म्हणाली आणि आत गेली.

तो अंधार दुहेरी करून भिंगामागं बसवला. खिडकीवर चादर टाकली. पडद्याच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचं चित्र उघडलं तर त्यात हर्षल नव्हता, खोली नव्हती, काहीच नव्हतं. काळ्यावर तीन पांढरे ठिपके, बस. हर्षलनं मान बोटभर वळवली. पडद्यावरची काच सरकली, पंख सरकला, आणि त्याला आपल्या विमानाचं शेपूट दिसलं. शेपटीमागं आभाळ दिसलं.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं मागं पाहिलं होतं. प्रज्वल काहीतरी बडबडत होता, हर्षलला ऐकू गेलं नाही. तो मान वळवत राहिला, डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं.

मग तो मारू लागला. शेपटीला लागलेलं विमान मागं वळून हेरायचा, गिरकी घेऊन त्याच्याच पाठीवर बसायचा आणि इतक्या जवळून गोळ्या घालायचा की काचेवर तेल उडे. प्रत्येक विमानात एकच माणूस बसलेला असे. ते पेटून खाली जाताना हर्षल दातांवर दात दाबून म्हणे, “वळून पाह्य न.” कानांवर मोठे हेडफोन, आवाज पूर्ण वर. घरातला कुकर, शेजारचं भांडण, अपेक्षाची हाक, काहीही आत पोचत नसे.

आणि रोज दिवेलागणीला ते बिघडायचं.

दुपारभर नीट चालायचं. तिन्हीसांजा झाल्या की आभाळ एकदम गर्रकन फिरे, नजर जमिनीत घुसे, आणि हर्षलचं विमान पेटे. त्यानं दिवे पुन्हा डागले, सेल बदलला, तारा बदलल्या. प्रज्वल म्हणाला, संध्याकाळी व्होल्टेज कमी होते, त्याचं असंल. शेवटी एका संध्याकाळी नजर फिरली तशी हर्षलनं कॅमेऱ्याचं चित्र उघडलं. काळ्यावर तीन ठिपके होते आणि वर कोपऱ्यात चौथा. तीन गप्प होते. चौथा थरथरत होता.

त्याच्या मागच्या भिंतीत कोनाडा होता आणि कोनाड्यात अपेक्षाचा दिवा.

या दिव्याची गोष्ट सांगायला हवी. हर्षल दवाखान्यात बेशुद्ध होता तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून अपेक्षानं बोलून ठेवलं होतं, की हा माणूस घरी आला तर रोज तिन्हीसांजेला तिळाच्या तेलाचा दिवा लावीन आणि तो आपोआप शांत होईपर्यंत त्याच्यापुढून उठणार नाही, पाणी पिणार नाही. तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता. ती बोले हळू, चाले हळू, पण बोललेलं तिच्याकडून कधी फिरलं नाही. लहानपणी भाऊ तापानं फणफणला तेव्हा तिनं त्याच्यासाठी गूळ सोडला होता. भाऊ बरा झाला, मोठा झाला, जळगाव जामोदला मास्तर झाला. तिनं गुळाला हात लावला नाही. तिच्या स्वतःच्या लग्नात नवरीच्या ताटात पुरणपोळी नव्हती.

हे सगळं हर्षलला ठाऊक होतं. पण त्या संध्याकाळी तो पडद्यावरच्या आभाळात गोळ्या खाऊन नुकताच पेटलेला माणूस होता. खुर्ची लाथाडून तो उठला.

“तुह्या दिव्यानं मेलो मी!”

“तेवढा शांत होऊ द्या,” अपेक्षा म्हणाली. “अर्ध्याच्या वर जळला हाये.”

त्यानं उलट्या हातानं दिवा उडवला. कढत तेल आणि पेटती वात तिच्या मनगटावर पडली. ती ओरडली नाही. वात झटकली, पदरानं तेल टिपलं. मनगटावर कातडी पांढरी झाली आणि बघता बघता फुगली. हर्षल समोर उभा होता.

“तुमच्या त्या कॅमेऱ्यापुढं माहा दिवा पुन्यांदा येनार नाई,” ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली. “महादेवाची शपथ घेते.”

दुसऱ्या दिवसापासून दिवा आतल्या खोलीत गेला. कोनाड्याच्या त्याच भिंतीला, दोन खोल्यांच्या मधे, गजांची लहान खिडकी होती. तिच्या खाली, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, जमिनीवर. हर्षलचं आभाळ स्थिर झालं. मनगटाबद्दल तो एकदाही बोलला नाही. रोज संध्याकाळी आणखी विमानं पाडत राहिला.

साक्षीची तारीख आली. आदल्या दिवशी सरकारी वकिलांचा फोन आला, सकाळी वेळेवर या म्हणून. हर्षल दिवसभर भिंतीला पाठ लावून दाराकडं बघत बसला. डोकं शांत करायचा एकच उपाय त्याला माहीत होता. तिन्हीसांजेला त्यानं टोपी चढवली, हेडफोन लावले, आवाज वर केला. अपेक्षा आत दिव्यापुढं बसली.

पुढं त्याच्या पाठीमागं जे झालं ते त्याला अपेक्षानं नंतर सांगितलं. त्या घडीला त्याच्या कानांत नुसतं इंजिन होतं.

बैठकीचं दार लोटलेलं होतं. गोपाळ चपला बाहेर काढून आत आला. कोणाच्या घरात चपला घालून शिरू नये, हे मात्र तो विसरला नव्हता. हातात लाकडं फोडायची कुऱ्हाड. त्यानं आधी आतल्या खोलीची कडी बाहेरून घातली. कडीच्या आवाजानं अपेक्षा उठून गजांशी आली, आणि तिनं त्याला पाहिलं.

तिनं हाक मारली. मग किंचाळली. लग्नानंतर त्या घरात तिचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. हर्षलनं तर तेव्हाही ऐकला नाही. तो मान किंचित डावीकडं वळवून आभाळ शोधत होता.

“ओरड, वयनी,” गोपाळ म्हणाला. “त्याले काई आयकू नाई येऊन राह्यलं.”

अपेक्षानं दार ओढलं. कडी पक्की होती. तिनं तांब्या उचलला. गजांतून तांब्या जाईना. मग ती खाली वाकली, जळता दिवा दोन्ही तळव्यांत उचलला आणि गजांना लावून डोक्याएवढा उंच धरला.

गोपाळ हसला. “ओवाळते का काय मले?”

दिवा डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं नेत राहिली. तेल तळव्यांवर सांडत होतं.

इकडं हर्षलचं आभाळ गर्रकन फिरलं. खालची शेतं वर आली, पंख गायब. त्यानं शिवी हासडून कॅमेऱ्याचं चित्र उघडलं. काळ्यावर तीन ठिपके. आणि वर, मागं, चौथा.

त्याचं डोकं पेटलं. दिवा! शपथ घेतली आणि आज, साक्षीच्या आदल्या दिवशी, हिनं दिवा आणला! तो ओरडणार होता. शब्द ओठावर आला होता, आणि तिथंच अडकला. नवरीच्या ताटात पुरण नव्हतं. ही बाई शपथ मोडत नसते.

चौथा ठिपका विझला. आणि परत आला.

वात विझली तर आपोआप परत पेटत नाही. दिवा आणि कॅमेरा यांच्या मधून कोणीतरी गेलं होतं.

हर्षलनं उजवीकडं अंग टाकलं.

कुऱ्हाड त्याच्या डाव्या खांद्याचं मांस सोलत खाली आली आणि खुर्चीची पाठ फोडून आत रुतली. हेडफोन उडाले. एकदम सगळं ऐकू आलं: अपेक्षाची किंकाळी, गोपाळचा धापा टाकणारा श्वास, फुटलेल्या लाकडाची करकर. हर्षल गुडघ्यांवर रांगत भिंतीकडं गेला. पाठ भिंतीला लागेपर्यंत तो थांबला नाही.

“मांगं जागा नाई आता, गोप्या,” तो म्हणाला. “समोरून ये.”

गोपाळनं खुर्चीवर पाय देऊन कुऱ्हाड उपसली. तो समोरून आला, पण त्याला समोरून यायची सवय नव्हती. पहिला वार भिंतीवर बसून पोपडे उडाले. दुसरा हर्षलच्या कानाशेजारून दाराच्या चौकटीत गेला आणि सागवानात अडकला. गोपाळ दोन्ही हातांनी दांडा ओढत होता तेव्हा हर्षलनं टेबलावरचा मॉनिटर उचलला आणि त्याच्या कोपरावर हाणला. पुन्हा हाणला. कोपर भलतीकडं वाकलं. मॉनिटरची काच दोघांच्या पायांखाली फुटत होती. गोपाळनं उरलेल्या हातानं त्याची मान धरली, बरोबर पट्टीवर, आणि अंगठा रोवला. हर्षलच्या डोळ्यांपुढं पांढरं झालं. त्यानं त्या पांढऱ्यातच डोकं पुढं घातलं. कपाळ, टोपी, छत्रीची काडी, सगळंच गोपाळच्या तोंडावर बसलं. नाकाचं हाड मोडल्याचं त्याला कपाळाला कळलं. गोपाळ कोसळला. हर्षल त्याच्या छातीवर बसला आणि दोन्ही मुठींनी मारत राहिला, समोरचं तोंड ओळखू येईनासं होईपर्यंत.

मग त्यानं उठून चौकटीतली कुऱ्हाड उपसली.

“दादा,” गोपाळ रक्ताच्या गुळण्या टाकत म्हणाला. “दादा, नको न.”

हर्षलनं कुऱ्हाड डोक्यावर नेली. एवढ्या दिवसांत किती विमानं पाडली होती. हे शेवटचं, खरं विमान पायांशी पडलं होतं.

“अहो,” गजांमागून आवाज आला. किंकाळी संपली होती, नेहमीचा हळू आवाज परत आला होता. “आधी कडी काढा. हात भाजून राह्यला माहा.”

त्याला मान वळवता आली नाही. पाय उचलून, सगळं अंग फिरवून तो वळला. अपेक्षा दिवा तसाच धरून उभी होती. तिनं तो खाली ठेवला नव्हता, कारण हर्षलला मागचं दिसतंय की नाही हे तिला अजून कळलं नव्हतं. तळव्यांवरून तेल कोपरापर्यंत उतरलं होतं आणि जुन्या डागावरचं कातडं पुन्हा फुटलं होतं.

हर्षल परत फिरला. त्यानं कुऱ्हाड उलटी केली, पातं वर, बोथट बाजू खाली, आणि गोपाळच्या नडगीवर एकच घाव घातला. हाड मोडलं. गोपाळनं जी आरोळी ठोकली ती पार रस्त्यापर्यंत गेली.

“आता पळ,” हर्षल म्हणाला.

मग त्यानं कुऱ्हाड टाकली आणि कडी काढली. दिवा तिच्या हातांतून घेताना त्याचीही बोटं भाजली, आणि त्यानं ती भाजू दिली. दिवा त्यानं खाली ठेवला नाही. मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात, जुन्या जागी नेऊन ठेवला. बाहेर माणसं धावत येत होती, कोणीतरी पोलिसांना फोन लावत होतं. अपेक्षा काचा बाजूला सारून दिव्यापुढं बसली. तो शांत होईपर्यंत ती उठणार नव्हती, हे हर्षलनं दारातल्या लोकांना सांगितलं आणि कोणालाही आत येऊ दिलं नाही. हात धुवायला तिला पाणी आणून दिलं तेवढंच.

सकाळी खांद्याला टाके आणि मानेला पट्टा घालून तो कोर्टात उभा राहिला आणि विहिरीवरचं सगळं बोलला. गोपाळच्या वकिलानं उलटसुलट विचारलं, पण त्याचा आवाज हलला नाही.

रात्रीच्या कुऱ्हाडीचा खटला वेगळा लागला, पुष्कळ उशिरा. तोवर तळव्यांवरचं कातडं भरून आलं होतं, बैठकीत नवा मॉनिटर आला होता आणि हर्षल दिवा शांत झाल्यावरच टोपी चढवत होता. त्या खटल्यात अपेक्षाला साक्षीला बोलावलं. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. कारकुनानं शपथेचे शब्द सांगितले. ती गप्पच राहिली. त्यानं पुन्हा सांगितले.

“साहेब,” ती न्यायाधीशांकडं बघून म्हणाली, “मी देवाची एक शपथ मोडली हाये. आता दुसरी तोंडातून निघत नाई. शपथ न घेता खरं सांगतलं त चालते का?”

कोर्टात थोडी कुजबुज झाली. न्यायाधीशांनी चष्मा काढला, तिच्या तळव्यांकडं पाहिलं आणि म्हणाले की चालतं. देवाचं नाव न घेता खरं बोलेन एवढंच म्हणा.

“खरं बोलीन,” अपेक्षा म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. चपला बाहेर काढून आत येण्यापासून कडीपर्यंत, कडीपासून ओवाळण्याच्या थट्टेपर्यंत, एकाच हळू आवाजात, एकही शब्द जास्त नाही. आरोपीच्या वकिलानं विचारलं, घरात मारेकरी शिरला आणि तुम्ही दिवा काय उचलला?

“ह्यांना मांगचं दिसत नाई,” ती म्हणाली. “दिवा दिसते.”

आपली साक्ष देऊन हर्षल पुढच्या बाकावर बसला होता. भिंत लांब होती, पाठ उघडी होती. त्याच्या मागच्याच बाकावर, दोन पोलिसांच्या मधे, काठी घेऊन लंगडत आलेला गोपाळ बसला होता. त्याचा श्वास हर्षलला मानेवर जाणवत होता. हर्षल समोर, पिंजऱ्यातल्या अपेक्षाकडं बघत राहिला. अंग फिरवून त्यानं मागं पाहिलं नाही.